जागरूक रहिवासी

घरखात्याने इमारतीतल्या सगळ्या दारांना एकाच जातीचं कुलूप बसवलं होतं. दार ओढलं की खटकन बंद, आणि बाहेरून उघडायचं तर किल्लीच हवी. किल्ली घरटी एकच. त्यामुळे कचऱ्याची बादली रिकामी करायला दोन पावलं बाहेर पडलेला माणूस वाऱ्याच्या एका झुळुकीसरशी बेघर व्हायचा.

"काकू! ओ शिवणकाकू! निळा चौकडा!"

अर्ध्या गालाला दाढीचा साबण, अर्धा गाल कोरा, अशा अवतारात मास्तर जिना उतरायचे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"आज काय आणायला बाहेर पडलात?" काकू मशीनवरून न उठता विचारायच्या.

"पेपर."

"पेपर आत, तुम्ही बाहेर. मग बातमी तुम्हीच झालात की, मास्तर."

मग त्या उठायच्या. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, दारामागच्या फळीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. सगळ्या घरांनी बाजारातून जादा किल्ली करून घेतलेली आणि काकूंकडे ठेवलेली. किल्ल्यांवर नंबर नव्हते. प्रत्येकीला त्या-त्या घरच्या कापडाची चिंधी बांधलेली. मास्तरांच्या किल्लीला त्यांच्या जुन्या शर्टाचा निळा चौकडा, ड्रायव्हरच्या किल्लीला त्याच्या मुलीच्या फ्रॉकची पिवळी पट्टी, वरच्या नर्सच्या किल्लीला तिच्या गणवेशाचा पांढराशुभ्र तुकडा. इमारतीतल्या झाडून सगळ्यांचे कपडे काकूंच्या सुईखालून गेलेले, तेव्हा चिंध्यांना तोटा नव्हता. चोर आला तरी त्याला कळू नये की कोणती किल्ली कुठली, आणि काकूंना मात्र अंधारात नुसत्या बोटांनी कळावं.

त्यांचा एकच दंडक होता. किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही. दार स्वतः जाऊन उघडायचं, आणि दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की नजर खाली. कुणाची भांडी घासायची राहिलीत, कुणाचा पलंग मोडलाय, हे त्यांना माहीतच नसायचं. तसं पाहिलं तर माहीत सगळं होतं. कुणाची कंबर सैल करून द्यावी लागली, कोण मोठ्या भावाची पँट आखूड करून घालतं, कुणाच्या शर्टाच्या कॉलरला कसला डाग आहे, हे शिवणाऱ्या बाईपासून काय लपणार? पण ते सुईच्या टोकापर्यंत येऊन तिथेच थांबायचं.

नवरा गॅरेजात मिस्त्री होता. घर त्याच्या नावावर मिळालेलं. तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा खात्याचा माणूस विचारायला आला होता की ही बाई खरंच इथे राहते का. काकूंना तोंड उघडायची वेळच आली नाही. अख्खा जिना खाली उतरला. मास्तर तर बनियनवर आले. "राहते का म्हणजे? ती इथे राहते म्हणून आम्ही घरात राहतो. नाहीतर सगळे दाराबाहेर असतो." माणूस हसला आणि गेला. घर काकूंच्या नावावर झालं. पुढे लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा काकू आपणहून खात्यात गेल्या आणि तिचं नाव कमी करून आल्या. नियम तो नियम. कुणी न सांगता असं करणारं त्या इमारतीत दुसरं माणूस नव्हतं.

कारण बाकी सगळ्यांकडे कुणीतरी जास्तीचं होतं. खात्याचा नियम असा की जितकी नावं नोंदलेली तितकीच माणसं घरात झोपली पाहिजेत. एखादं जरी वाढलं तरी घर रद्द. नाव वाढवायचं तर अर्ज, आणि अर्ज केला की उत्तर येईपर्यंत अर्जातला माणूस म्हातारा व्हायचा. ड्रायव्हरचा मेहुणा स्वयंपाकघरात झोपायचा. मास्तरांचा पुतण्या. नर्सकडे तिचे वडील. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणालाच काही दिसत नव्हतं.

नर्स काकूंच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायची. अंगाने बारीक, बोलायला तिखट, पाळीवरून आली की आधी काकूंच्या खोलीत बूड टेकायची आणि मगच वर चढायची.

"ताई, तुझ्या छताला नकाशा उमटलाय गं. हे बघ, हा देश, ही नदी."

"तुझ्याच न्हाणीघराची कृपा. कापायच्या टेबलावर ठिबकतंय. काल एका पडद्याला डाग पडला. गिऱ्हाईकाला म्हटलं, डिझाइन आहे."

"पाईप माझा, पाणी माझं आणि डोकं तुझं. खात्याने आपलं नातंच जोडलंय बघ."

गळतीसाठी काकू खात्याच्या खिडकीशी किती वेळा जाऊन उभ्या राहिल्या, याचा त्यांनी हिशेब ठेवला नव्हता. दरवेळी खिडकीतून एकच उत्तर, "माणूस पाठवू." माणूस काही येत नव्हता. बादली मात्र भरत होती.

आणि एका सकाळी तो आला.

एक नाही, दोघे आले. एकाच्या हातात पान्हा. दुसऱ्याच्या अंगात कोट आणि काखेत फाईल. काकूंना पान्हा दिसला आणि त्या इतक्या हरखल्या की कोटाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"अहो, या या! वाट बघून डोळे शिणले माझे. हे बघा छत."

पान्हेवाल्याने मान वर करून बघितलं. "वरून येतंय."

"वरूनच येतंय. वरची नर्स कामावर गेलीय. थांबा, किल्ली आहे माझ्याकडे."

पांढरी चिंधी बोटांना आपोआप सापडली. मीटर बघायला माणूस यायचा, धूर मारायला यायचा, तेव्हा काकूच दार उघडायच्या. काम होईस्तोवर उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि कुलूप लावून खाली यायच्या. कुणी कधी विचारलं नव्हतं आणि विचारायचं कारणही नव्हतं.

वर आजोबा होते. नर्सचे वडील. खिडकीपाशी बसून बुटाचा तळवा चिकटवत होते. कानाने जवळजवळ ठार. दार उघडलेलं त्यांना कळलं ते वाऱ्याने. त्यांनी वळून पाहिलं आणि चेहरा उजळला. त्यांच्याकडे कोण येणार होतं एरवी!

"बसा, बसा. मुलगी येईलच."

पान्हेवाला न्हाणीघरात गेला. पाईपवर दोनदा ठोकल्याचा आवाज आला. कोटवाला मात्र बाहेरच उभा राहिला, अगदी पाहुण्यासारखा अदबीने. त्याने पलंग बघितला. त्याच्या शेजारची खाट बघितली. मग न्हाणीघरात डोकावला, पाईपकडे नव्हे, आरशाखालच्या पेल्याकडे. पेल्यात दोन ब्रश होते. नजर खाली ठेवणाऱ्या काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरात नजर वर केली, आणि त्याला ब्रश मोजताना पाहिलं.

"आजोबा, तब्येत कशी आहे?" कोटवाल्याने त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्याने आणि प्रेमाने विचारलं.

"उत्तम! इथे आल्यापासून उत्तम."

"म्हणजे इथेच असता?"

"इथेच! तिकडचं घर मोडलं ना, तेव्हापासून इथेच."

"पाहुणे आहेत ते," काकू मध्येच म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "चार दिवस आलेत."

कोटवाला हसला. "आजोबा, या बाई म्हणतात तुम्ही पाहुणे आहात!"

म्हाताऱ्याने काकूंकडे पाहिलं. हातातला बूट खाली ठेवला.

"मी? पाहुणा? अगं, तू रोज माझ्या पँटची बटणं लावतेस, आणि मी पाहुणा?"

कोटवाल्याने फाईल उघडली आणि काहीतरी टिपलं. पान्हेवाला हात पुसत बाहेर आला.

"झालं का दुरुस्त?" काकूंनी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"पाईप बदलावा लागेल. त्याचा माणूस वेगळा."

संध्याकाळी नर्स आली आणि नेहमीप्रमाणे बूड टेकणार, तेवढ्यात काकूंनी सगळं सांगून टाकलं. पान्हा, कोट, ब्रश, बटणं. सांगताना एकही गोष्ट गाळली नाही. नर्स उभीच राहिली.

"तू उघडलंस?"

"गळतीसाठी गं. माझ्याच तक्रारीवरून आले ना ते."

"आणि त्याला खाट दिसली."

"मी म्हटलं पाहुणे आहेत—"

"बाबांसमोर म्हटलंस?"

नर्स वर गेली. त्या संध्याकाळी वरून एकच आवाज येत राहिला, बहिऱ्या माणसाला समजावून सांगताना चढतो तसला. मग तोही थांबला.

घर रद्द का करू नये, असं विचारणारं खात्याचं पत्र नर्सला आलं. ते आल्याबरोबर काकू खात्यात गेल्या. या वेळी गळतीची गोष्टच काढायची नाही, असं ठरवून गेल्या होत्या. खिडकीपलीकडे एक तरुण मॅडम होत्या, फार सभ्य. त्यांनी काकूंना आत बोलावून खुर्ची दिली.

"मॅडम, मी दार गळतीसाठी उघडलं होतं."

"हो ना. तसंच नोंदवलंय."

"पण तुमच्या माणसाने माणसं मोजली."

"गळती बघताना जे दिसलं ते लिहिलं. डोळे मिटून कशी बघणार गळती?"

"ते खोडून टाका. मी माणसं मोजायला परवानगी दिली नव्हती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, म्हणजे तुम्ही परवानगी नसताना दुसऱ्याचं घर उघडलंत का?"

"छे! ती नेहमीच उघडू देते मला. किल्लीच दिलीय तिने."

"मग परवानगी होती."

"मला होती. तुम्हाला नव्हती."

"तुम्हीच तर आम्हाला आत घेतलंत."

मशीनमध्ये दोरा अडकला की ओढायचा नसतो, ओढला की गुंता घट्ट होतो, हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरी त्यांनी ओढला.

"म्हातारा तिच्याकडे राहत नाही. मी सांगते ना. येऊन-जाऊन असतो."

"तो म्हणतो राहतो, तुम्ही म्हणता राहत नाही. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय, याची चौकशी लावू का?" मॅडमच्या आवाजात धमकी नव्हती, खरोखरीची काळजी होती. "तुमच्या घरात कोण-कोण असतं, काकू?"

"मी एकटी."

"बघा! नियमाने राहणारं माणूस किती निश्चिंत असतं."

बाहेर पडताना काकूंना वाटलं, आपण बोललो ते काहीतरी उपयोगी पडेल. उपयोगी पडलंच ते. 'शेजारी रहिवाशाच्या संमतीने व समक्ष' पाहणी झाली होती, असं नर्सच्या सुनावणीत वाचून दाखवण्यात आलं आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं. म्हातारा दूरच्या एका पुतणीकडे गेला, चिकटवलेले बूट घालून. नर्सला घर सोडावं लागलं.

ती जायच्या आधी खाली आली. सामान हातगाडीवर चढत होतं.

"तू मला वाट्टेल ते बोल," काकू म्हणाल्या. "पण मी मुद्दाम केलं नाही. शपथ घेऊन सांगते."

"माहीताय मला."

"माहीताय?"

"वेडी आहेस का, ताई? तुला मी ओळखत नाही? तुझ्यासारखं साधं माणूस या जिन्यावर नाही." नर्सने त्यांच्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा उचलून टाकला, नेहमी टाकायची तसा. "म्हणून तर सांगत्ये. कोट घालून कुणी आलं आणि म्हणालं, उघडा, तर तू उघडणार. उद्या पुन्हा उघडशील. तुझा दोष नाही त्यात. पण किल्ली दे."

"घर तर सोडतेयस. आता किल्ली घेऊन काय करणार?"

"खात्यात जमा करायचीय. दोन्ही मागितल्यात त्यांनी."

काकूंनी पांढरी चिंधी सोडली. गाठ जुनी, सुटता सुटेना. नर्सने वाट बघितली. चिंधी काकूंच्या हातात राहिली आणि किल्ली नर्सच्या.

जिन्यावरचे लोक सावध झाले होते, पण अजून तुटले नव्हते. मास्तर तर म्हणाले, "चुकून झालं. आपण तिथे असतो तर आपणही उघडलं असतं." प्रकरण तेवढ्यावर भागलं असतं. पण खात्याला कृतज्ञता दाखवायची होती.

अंगणात खुर्च्या मांडल्या. गाडीतून एक साहेब उतरले. माइक किंचाळला, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, माइक गप्प झाला आणि साहेब सुरू झाले. खातं म्हणजे भिंती नव्हेत, खातं म्हणजे माणसं, रहिवाशांनी साथ दिली तर अपात्र लोकांनी अडवलेली घरं गरजूंना मिळतील, वगैरे. मग म्हणाले, "याच इमारतीतल्या एका भगिनीने आपल्याला वाट दाखवली आहे. जागरूक रहिवासी म्हणून त्यांचा सत्कार करताना—"

काकूंना वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. मान वळवून त्या बघायला लागल्या. तेव्हा त्यांना दिसलं की सगळे त्यांच्याकडेच बघतायत.

"जा की," मागून ड्रायव्हरची बायको कुजबुजली.

"मी नाही जाणार."

"काकू, जा. नाही गेलात तर त्यांना वाटेल आम्हीच अडवलं."

त्या गेल्या. हातात एक भिंतीवरचं घड्याळ आलं, तबकडीवर खात्याचं चिन्ह. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या रांगेने वाजवल्या. मग सगळ्यांनी. काकूंना मंचावरून स्वच्छ दिसत होतं. माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती, कोण वाजवत नाही ते. मास्तरही वाजवत होते. त्यांचे हात एकमेकांवर आपटत होते, पण आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. दाढी पुरी केलेली, शर्टाला इस्त्री.

"काकू, ती आमची किल्ली."

"अडकलात का बाहेर?"

"नाही. न्यायची होती. पुतण्याला लागते."

"पुतण्याला?" काकूंच्या तोंडून सहज निघालं. रोज दिसणाऱ्या मुलाबद्दल कुणीही विचारावं तसं.

मास्तरांचा चेहरा बदलला. "म्हणजे पुतण्या येतो कधीमधी. राहत नाही. येतो." आणि मग, ज्या माणसाने बनियनवर खाली येऊन खात्याच्या माणसाला झापलं होतं, तो माणूस विनवणीच्या सुरात म्हणाला, "राहत नाही हो तो, काकू."

तोपर्यंत काकूंना वाईट वाटत होतं. त्या क्षणी त्यांना भीती वाटली. समोरचा माणूस आपल्याला घाबरतोय, यासारखं भीतीदायक त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

मग एकेक करून सगळे आले. कारणं सगळ्यांकडे होती. कुणाचं कुलूप बदलायचं होतं, कुणाची बहीण येणार होती. (हे सांगून झाल्यावर, "म्हणजे भेटायला. राहायला नाही.") खिळे उघडे पडत गेले. गिऱ्हाइकं येत राहिली, कारण कपडे उसवायचे थांबत नाहीत. पण कुणी बसेना. माप देताना हात वर करून भिंतीकडे बघत उभी राहायची. जिन्यावर मुलं दबा धरून बसायची आणि काकू दिसल्या की कुणीतरी विचारायचं,

"काकू, किती वाजले?"

आणि हसू दाबल्याचा आवाज.

घड्याळ परत करायला त्या खात्यात गेल्या. काउंटरवरचा माणूस बुचकळ्यात पडला.

"बक्षीस परत घ्यायची सोय नाही, बाई."

"मग ठेवून घ्या नुसतं. कुणालाही द्या."

"जमा करता येईल. पण कारण द्यावं लागेल."

"नकोय, हेच कारण."

"ते कारण होत नाही. का नकोय?"

मागे रांग होती. रांगेत इमारतीतलं कुणी असेलही. काकूंनी घड्याळ काखेत मारलं आणि भर रस्त्याने घरी आल्या. घरी आल्यावर त्याचा सेल काढला आणि ते अस्तराच्या कापडाच्या गठ्ठ्याखाली घातलं.

नर्सच्या घरात एक एकटा पुरुष राहायला आला. कुणी म्हणे तो खात्याचाच आहे. कुणी म्हणे, नाही, पण त्याला विचारलं तर तो काय सांगणार? म्हणून कुणी विचारलंच नाही. जिन्यातून चपला आत गेल्या, कारण दारासमोर किती जोड आहेत ते मोजता येतं. वाळत घातलेले कपडे आत गेले. ड्रायव्हरच्या घराची पाहणी झाली, मेहुण्याला रातोरात बाहेर काढलं म्हणून घर तेवढं वाचलं, आणि मास्तरांनी सांगितलं असं ड्रायव्हर म्हणू लागला. मास्तर म्हणू लागले की नव्या भाडेकरूने. खरं तर खात्याने आता इमारती क्रमाने घेतल्या होत्या, कुणी सांगायची गरजच उरली नव्हती. पण हे कुणाला पटेना. कुणीतरी सांगितलं असणार, याचीच सगळ्यांना खात्री वाटत होती. काकूंचं छत गळत होतं. त्यांनी टेबल सरकवलं, खाली बादली ठेवली आणि तक्रार करणं सोडून दिलं.

अशात त्यांची लेक आली.

हातात बॅग, कडेवर झोपलेली मुलगी. दारातच म्हणाली, "आई, थोडे दिवस." थोडे दिवस म्हणजे किती, हे तिच्या बॅगेवरून कळत होतं. नात्याचं काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि काकूंनी तिसरं विचारलं नाही.

"माझं नाव चढव ना परत, आई. माझंच तर घर आहे हे."

"अर्ज केला की बघायला येतात."

"येऊ देत. मी इथेच आहे."

"तेच तर. अर्ज मंजूर व्हायच्या आधी तू इथे दिसलीस की घर जातं. आणि मंजूर कधी होईल ते कुणी सांगत नाही." काकूंनी दाराला आतून कडी लावली. "खात्यात मी सांगून बसलेय, मी एकटी राहते म्हणून."

"कुणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं. काळजीने विचारलं होतं."

लेक हसली, मग आईचा चेहरा बघून थांबली. त्या दिवसापासून खोलीत कुजबुज सुरू झाली. चपला पलंगाखाली. ब्रश कपाटात, कापडात गुंडाळून. लेकीने जिन्यावर पाऊल टाकायचं नाही. नातीला खेळायचं असेल तर पलंगावर, रिकाम्या रिळांशी. पोरगी गुणी, आवाज न करता खेळायची. पण खोलीत ओल होती, आणि थोड्याच दिवसांत तिला खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीतून खरवडून येणारा.

ड्रायव्हरची बायको पँट आखूड करून घ्यायला आली, तेव्हा काकूंनी लेकीला आणि नातीला पडद्याआड बसवलं होतं. माप चालू असताना पडद्याआडून खोकला आला. एकदाच, तोही दाबलेला. काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ड्रायव्हरच्या बायकोनेही काही विचारलं नाही. ती पडद्याकडे बघत नव्हती, पण तिचे कान मात्र पडद्याकडेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक.

"कोण?"

"मीच, काकू."

"पँट उद्या मिळेल."

"पँटसाठी नाही आले. दार उघडा ना."

काकूंनी दार हाताच्या रुंदीइतकं उघडलं. बाहेर ड्रायव्हरची बायको, हातात औषधाची बाटली. मागे जिना मोकळा होता, पण वरच्या कठड्याशी कुणी आहे की नाही ते दिसत नव्हतं.

"हे खोकल्याचं आहे. आमच्या छोटीला दिलं होतं डॉक्टरांनी, लगेच गुण आला. अर्धी बाटली उरलीय. माप झाकणावरच आहे."

"मला खोकला नाही."

"तुम्हाला नाही हो." तिने आवाज खाली आणला. "लहान मुलीसाठी."

"कुठली लहान मुलगी?"

ड्रायव्हरच्या बायकोचे डोळे खोटे नव्हते. काकूंना ते दिसत होतं. वर्षानुवर्षं त्या डोळ्यांसमोर त्यांनी फ्रॉकची उंची वाढवून दिली होती. पण कोटवाल्याचे डोळे तरी कुठे खोटे होते? किती आपुलकीने वाकला होता तो म्हाताऱ्यापुढे. आणि हिच्या भावाला घर सोडावं लागलं त्या पाहणीत. हिच्या मनात कुणाचं नाव असेल?

"काकू, मी कुणाला सांगणार नाही."

"सांगण्यासारखं आहेच काय?"

"नाहीच म्हणते मी. नुसतं औषध ठेवून घ्या."

"नसलेल्या मुलीला औषध कशाला?"

त्याच वेळी पडद्याआडून खोकला आला. दाबलेला नव्हे, उमाळ्यासारखा, थांबता थांबेना. मध्ये श्वास घेतल्याचा शिट्टीसारखा आवाज. ड्रायव्हरच्या बायकोचा हात आपोआप पुढे आला, बाटलीसकट.

काकूंनी दार लावलं. कुलूप खटकन बसलं.

बाहेर काच फरशीवर टेकल्याचा आवाज, आणि पावलं वर गेली.

लेक पडद्याआडून आली. पोरीला खांद्यावर घेतलेलं, पाठीवर हात फिरवत होती. "आई, घे ना ते. औषध आहे."

"औषधच असेल."

"मग?"

"घेतलं, तर कुणासाठी घेतलं?"

"ती चांगली बाई आहे, आई. तिला कळलंय. आता लपवून काय?"

"कळणं वेगळं आणि बाटली आत घेणं वेगळं. तिला नाही विचारलं अजून कुणी. विचारतील तेव्हा ती काय करेल? मी काय केलं?" काकूंचा आवाज नकळत चढला होता. त्यांनी तो गिळला. "चांगलीच होते ना मीही?"

लेक दाराकडे गेली. काकू तिच्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहिल्या. पोरीच्या अंगाची धग त्यांना तिथूनही लागत होती.

"दवाखान्यात नेते मग मी तिला."

"दवाखान्याचं कार्ड इथलं नाही तुझं. इथे कुठे राहता, तो पत्ता विचारतील."

"मग काय करू, आई? सांग ना. काय करू मी?"

पोरीला पुन्हा उबळ आली. वर, नव्या भाडेकरूच्या घरात, खुर्ची सरकल्यासारखं झालं. काकू पटकन मशीनपाशी जाऊन बसल्या आणि पाय मारायला लागल्या, जोरात, आणखी जोरात. खोलीभर मशीनचा खडखडाट झाला. सुई वर-खाली होत होती आणि तिच्याखाली कापड नव्हतं.